रिकेल्मे: वारंवार विचारले जाणारे (आणि वारंवार भांडणं लावणारे) प्रश्न

मेस्सीमुळे अर्जेंटिनाच्या प्रेमात पडलेली पोरं अधूनमधून जुन्या क्लिपा बघतात आणि मग मला विचारतात, "हा दहा नंबरचा कोण? आणि हा पळत का नाही?" तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आधीच कबूल करतो, या विषयात मी तटस्थ नाही.

नाव नेमकं कसं म्हणायचं?

हुआन रोमान रिकेल्मे, अर्जेंटिनाचा मिडफिल्डर. आपल्याकडे रिकेलमे, रिक्वेल्मे असं काहीही छापून येतं. रि-केल-मे म्हटलं की झालं. ब्युनोस आयर्सच्या बोका ज्युनियर्स क्लबचे चाहते आडनावाच्या भानगडीत पडतच नाहीत, त्यांच्यासाठी तो नुसता 'रोमान'.

मूळचा कुठला? बोकाचाच ना?

जन्म ब्युनोस आयर्सच्या उत्तरेला सान फर्नांडोचा, २४ जून १९७८. दुसऱ्याच दिवशी अर्जेंटिनानं नेदरलँड्सला ३-१ हरवून पहिला विश्वचषक जिंकला. म्हणजे पोरगं एका दिवसाचं असताना अख्खा देश रस्त्यावर नाचत होता. (२४ जून ही मेस्सीचीही जन्मतारीख, फक्त नऊ वर्षांनी. ज्योतिष मानणाऱ्यांनी पुढचं बघून घ्यावं.)

वाढला डॉन तोर्कुआतो नावाच्या उपनगरात, भावंडांनी भरलेल्या गरीब घरात, सगळ्यांत थोरला. खेळ शिकला तो 'पोत्रेरो'वर, म्हणजे वस्तीतल्या मोकळ्या, खडबडीत मैदानावर. तिथं जागा कमी आणि अंगावर येणारे पाय जास्त. पाठ वळवून चेंडू झाकून ठेवायची त्याची सवय तिथलीच, असं मला नेहमी वाटतं.

आणि नाही, सुरुवात बोकाची नव्हे. मॅराडोना ज्या अर्जेंटिनोस ज्युनियर्समध्ये घडला, त्याच क्लबच्या युवा संघांत रिकेल्मे घडला. बोकानं त्याला १९९६ मध्ये घेतलं आणि १० नोव्हेंबर १९९६ रोजी युनियन दे सांता फे विरुद्ध तो पहिल्यांदा मोठ्या संघातून खेळला. प्रशिक्षक होते कार्लोस बिलार्दो, १९८६ चा विश्वचषक जिंकून देणारे.

मिडफिल्डर म्हणजे नेमका कुठला? बचावाचा की हल्ल्याचा?

अर्जेंटिनात या जागेला स्वतंत्र नाव आहे: 'एन्गान्चे'. शब्दशः अर्थ आकडा, जोडणारी कडी. मालगाडीच्या दोन डब्यांमध्ये कपलिंग असतं ना, तसं. मागे तीन कष्टाळू हाफ, पुढे दोन फॉरवर्ड आणि मधे हा एकटा. सगळे चेंडू त्याच्याकडे येणार आणि त्याच्याकडूनच पुढे जाणार. तो बंद पडला की गाडीचे दोन तुकडे.

म्हणूनच ही जागा देणं म्हणजे संघाच्या चाव्या देणं. बोकात त्याच्या मागे कोलंबियाचा मौरिसियो सेर्ना आणि सेबास्तियान बाताग्लिया अक्षरशः दोघा-दोघांचं पळायचे. याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही. रिकेल्मेचे भक्त तर मुळीच देत नाहीत, त्यात मीही आलो.

तो इतका हळू का खेळायचा?

हा खरा प्रश्न. बाकीचे प्रश्न याच्याच पोटातून निघतात.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एखाद्यानं चेंडूवर पाय ठेवून मान वर केली, की गॅलरीतून लगेच आवाज येतो, "आरं पळ की!" रिकेल्मेला आयुष्यभर हेच ऐकावं लागलं, फक्त स्पॅनिशमध्ये. त्याचं म्हणणं मात्र खेळातून साधं दिसायचं: पळायचं काम चेंडूचं. तो थांबायचा कारण समोरचे दोघं अंगावर यावेत अशीच त्याची इच्छा असायची. दोघं आले की कुठेतरी एक जण मोकळा झालाच. पास जायचा तो त्या मोकळ्या झालेल्याकडे, अर्धा सेकंद उशिरा, आणि नेमक्या त्या अर्ध्या सेकंदात सगळं काम झालेलं असायचं. अर्जेंटिनावाले याला 'पाउसा' म्हणतात. गवई समेवर येण्याआधी किंचित रेंगाळतो, ऐकणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, आणि मग तो बरोबर समेवर येतो. तसंच काहीसं.

एकच नमुना सांगतो. २४ मे २०००, कोपा लिबेर्तादोरेसची उपांत्यपूर्व फेरी, बोकाचं मैदान ला बोंबोनेरा, समोर जन्माचे वैरी रिव्हर प्लेट. रिकेल्मे साइडलाइनजवळ, गोलाकडे पाठ करून उभा. मागून रिव्हरचा कोलंबियन बचावपटू मारियो येपेस चिकटलेला. पुढे वाट नाही, बाजूला रेषा. कुठलाही शहाणा खेळाडू चेंडू मागे देऊन टाकेल. यानं बुटाच्या तळव्यानं चेंडू हळूच मागे ओढला, तो येपेसच्या दोन पायांमधून पलीकडे गेला, आणि हा वळून पलीकडे चेंडूला जाऊन भेटला. ना वेग, ना जोर. बोकानं ती लढत ३-० अशी मारली, त्यात पेनल्टीचा एक गोल त्याचाही होता. पण आज पंचवीस वर्षांनी लोक गोल विसरलेत, येपेसचे पाय विसरले नाहीत.

मॅराडोनाची जागा त्यानं घेतली म्हणतात. अलंकारिक अर्थानं ना?

अलंकार नाही, शब्दशः. २५ ऑक्टोबर १९९७, रिव्हरच्या मैदानावर बोकाची लढत. मध्यंतराला मॅराडोना बाहेर, एकोणीस वर्षांचा रिकेल्मे आत. बोका २-१ जिंकला. काही दिवसांतच मॅराडोनानं निवृत्ती जाहीर केली, आणि ती त्याची शेवटची अधिकृत मॅच ठरली. त्याच वर्षी मलेशियात झालेली युवा विश्वचषक स्पर्धा रिकेल्मेच्या संघानं जिंकली होती. त्या संघात आयमार, काम्बियासो, सॅम्युएल होते आणि लिओनेल स्कालोनी नावाचा एक बचावपटू होता. तोच तो, २०२२ चा विश्वचषकविजेता प्रशिक्षक.

बोकासाठी नेमकं काय काय जिंकलं?

१९९८ मध्ये कार्लोस बियांची प्रशिक्षक म्हणून आले आणि बोका सलग चाळीस लीग सामने हरलाच नाही. मग २००० आणि २००१ अशा लागोपाठ दोन कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेची चॅम्पियन्स लीग. एकदा पाल्मेइरासला, एकदा मेक्सिकोच्या क्रुझ आझुलला, दोन्ही वेळा अंतिम सामना टायब्रेकरवर. मधे नोव्हेंबर २००० मध्ये टोकियोला इंटरकॉन्टिनेंटल कप, समोर रेआल माद्रिद: फिगो, राउल, रोबेर्तो कार्लोस, माकेलेले. बोका २-१. दोन्ही गोल मार्टिन पालेर्मोचे, आणि दुसऱ्या गोलाचा लांबलचक पास रिकेल्मेचा, स्वतःच्या अर्ध्यातून. उरलेला सगळा वेळ बावीस वर्षांच्या त्या पोरानं माद्रिदच्या मधल्या फळीला पाठ दाखवून चेंडू लपवून ठेवला.

बोकाबरोबरच्या मोठ्या ट्रॉफ्या एकूण अकरा.

कानामागे हात धरायची ती पोझ मेस्सीची ना?

मूळ मालक रिकेल्मे. एप्रिल २००१, पुन्हा रिव्हर. त्याची पेनल्टी गोलकीपरनं अडवली, उडालेला चेंडू त्यानंच डोक्यानं आत घातला आणि मग पळत जाऊन क्लबच्या अध्यक्षांच्या कक्षासमोर उभा राहिला. दोन्ही तळवे कानांमागे, हलला नाही. अध्यक्ष होते मौरिसियो माक्री, पुढे २०१५ मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झाले ते. त्या दिवसांत दोघांचं कराराच्या पैशांवरून बिनसलं होतं. नंतर पत्रकारांनी विचारलं तर यानं सांगितलं, काही नाही हो, माझ्या मुलीला टोपो जिजिओ आवडतो. टोपो जिजिओ म्हणजे टीव्हीवरचा मोठ्या कानांचा इटालियन उंदीर. अख्ख्या देशाला कळलं काय ते, आणि कुणाला काही सिद्ध करता येईना.

९ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये मेस्सीनं नेदरलँड्सच्या बाकासमोर तीच पोझ दिली. त्या बाकावर लुई व्हान गाल बसले होते. ते का, हे पुढच्या उत्तरात.

बार्सिलोनात त्याचं का जमलं नाही?

२००२ मध्ये त्याच्या धाकट्या भावाचं अपहरण झालं, खंडणी देऊन त्याला सोडवावं लागलं. देशही तेव्हा आर्थिक संकटात पुरता बुडालेला. त्यानंतर तो बार्सिलोनाला गेला. तिथले प्रशिक्षक व्हान गाल यांना तो नकोच होता. त्याला आणणं हा क्लबच्या राजकारणाचा भाग आहे, असं ते उघड म्हणाले. रिकेल्मेनंच नंतर सांगितलेला किस्सा असा, की व्हान गाल त्याला म्हणाले, चेंडू आपल्याकडे असतो तेव्हा तुझ्याइतका चांगला कुणी नाही, पण चेंडू गेला की आपण एक माणूस कमी घेऊन खेळतो. मग त्याला बाजूला, विंगवर उभं केलं. कपलिंग काढून खिडकीला लावल्यासारखं.

व्हान गालांचं म्हणणं सपशेल खोटं होतं असं मी म्हणणार नाही. चेंडू गेल्यावर तो खरंच फार काही करत नसे. पण हे माहीत नसताना का विकत घेतला होता? पुढच्या मोसमात रोनाल्डिन्यो आला आणि रिकेल्मेची रवानगी व्हियारेआलला झाली.

व्हियारेआल? ते तर छोटं गाव आहे.

हो. पन्नास हजाराच्या आसपास वस्तीचं, टाइल्सच्या कारखान्यांच्या पट्ट्यातलं गाव. पिवळी जर्सी म्हणून टोपणनाव 'पिवळी पाणबुडी'. तिथं मानुएल पेलेग्रिनी प्रशिक्षक होते, आघाडीला दिएगो फोर्लान, आणि चाव्या रिकेल्मेकडे. २००४-०५ मध्ये हे गाव ला लिगामध्ये तिसरं आलं. फोर्लानचे २५ गोल, रिकेल्मेचे १५.

पुढच्या वर्षी पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीग. गटात मँचेस्टर युनायटेडच्या वर, मग रेंजर्स, मग इंटर मिलान घरी. उपांत्य फेरीत आर्सेनल. लंडनला ०-१ हार. २५ एप्रिल २००६ ला परतीची लढत, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मी आवाज बंद करून टीव्हीसमोर बसलो होतो, कारण घरात सगळे झोपलेले. ०-०, आणि ८९ व्या मिनिटाला व्हियारेआलला पेनल्टी. गोल झाला तर सामना जादा वेळेत. मारणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

चेंडू ठेवताना त्याचा चेहरा जवळून दाखवला. नेहमी झोपेतून उठल्यासारखा दिसणारा तो चेहरा त्या दिवशी पांढरा पडला होता. आर्सेनलचा जर्मन गोलकीपर येन्स लेमान स्वतःच्या डावीकडे झेपावला. चेंडूही तिकडेच गेला, आणि फारसा जोरातही नव्हता. मी बराच वेळ टीव्ही बंदच केला नाही.

अंतिम सामन्यात आर्सेनलला कुणी हरवलं? बार्सिलोनानं.

२००६ च्या विश्वचषकात त्याला ७२ व्या मिनिटाला बाहेर का काढलं?

यावर अर्जेंटिनात आजही जेवणाची टेबलं उलटी होतात.

प्रशिक्षक होझे पेकरमन, म्हणजे युवा विश्वचषकवालेच. संघ त्याच्याभोवती बांधलेला. सर्बिया आणि माँटेनेग्रोला ६-० हरवताना काम्बियासोचा जो गोल झाला, त्याआधी पंचविसेक पास सलग झाले. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी हे वाचणं थांबवून आधी तो बघून यावा. शेवटची टाच क्रेस्पोची, पण मधे चेंडू सारखा रिकेल्मेच्या पायाशी येऊन जातो, जणू विचारून पुढे जातोय.

मग ३० जून, बर्लिन, यजमान जर्मनी. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच रिकेल्मेचा कॉर्नर, आयालाचं डोकं, १-०. गोलकीपर आबोन्दान्झिएरी जखमी होऊन बाहेर गेला आणि एक बदल तिथंच खर्ची पडला. लगेच पेकरमननी रिकेल्मेला काढून काम्बियासोला आणलं: आघाडी राखायची, मधली फळी घट्ट करायची. कागदावर बरोबर वाटणारा निर्णय. पण चेंडू पायात धरून घड्याळ खाणारा एकुलता एक माणूस बाकावर गेला. ८० व्या मिनिटाला क्लोसेनं बरोबरी केली. टायब्रेकरमध्ये आयाला आणि काम्बियासो हुकले. एकोणीस वर्षांचा मेस्सी शेवटपर्यंत बाकावरच बसून राहिला.

आणि जर्मनीचा गोलकीपर कोण? तोच लेमान, कोण पेनल्टी कुठं मारतो याची चिठ्ठी मोज्यात खोचलेला. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा.

तो राष्ट्रीय संघातून दोनदा निवृत्त झाला हे खरं?

खरं. विश्वचषकानंतर इतकी टीका झाली की आईला दवाखान्यात न्यावं लागलं, असं सांगून सप्टेंबर २००६ मध्ये तो बाजूला झाला. २००७ च्या कोपा अमेरिकासाठी परतला, पाच गोल केले, अंतिम सामन्यात ब्राझीलनं ३-० धुतलं. २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला २३ वर्षांखालच्या संघात वयाच्या सवलतीतला खेळाडू आणि कर्णधार म्हणून गेला. उपांत्य फेरीत ब्राझीलला ३-०, अंतिम फेरीत नायजेरियाला १-०, सुवर्णपदक. दहा नंबर त्याच्या पाठीवर, मेस्सीच्या पाठीवर पंधरा. मार्च २००९ मध्ये प्रशिक्षक मॅराडोनाशी खटकलं. आमचे नियम जुळत नाहीत, एवढंच सांगून तो कायमचा निघून गेला. एकूण ५१ सामने, १७ गोल.

त्याचं सगळ्यांशीच भांडण का व्हायचं?

सगळ्यांशी नाही. फक्त अध्यक्ष, प्रशिक्षक, आणि पालेर्मो.

पालेर्मोचं ऐका. १२ एप्रिल २०१० रोजी त्यानं बोकासाठी २१९ वा गोल करून रोबेर्तो चेरोचा जुना विक्रम मोडला. तो गोल त्याला ताटात वाढून दिला रिकेल्मेनं. समोर फक्त रिकामी जाळी. पालेर्मो एकीकडे आनंदानं पळाला, आणि रिकेल्मे? दुसऱ्या दिशेला, एकटाच, प्रेक्षकांकडे. मिठी नाही, टाळी नाही. माणूस हट्टी होता, मानी होता, आणि कधीकधी नुसताच खडूस होता. पण पास दिला.

त्याचा सगळ्यात चांगला काळ कुठला?

बहुतेक जण २०००-०१ म्हणतात. मी २००७ म्हणतो. व्हियारेआलमध्ये पेलेग्रिनींशी बिनसल्यावर तो काही महिन्यांसाठी बोकात परतला आणि मिगेल आन्खेल रुसो यांच्या हाताखाली लिबेर्तादोरेस जवळजवळ एकट्यानं उचलली. आठ गोल. अंतिम फेरीत ब्राझीलच्या ग्रेमिओवर दोन्ही लढती मिळून ५-०. पोर्तो अलेग्रेच्या दुसऱ्या लढतीतले दोन्ही गोल त्याचेच.

शेवट कसा झाला?

जुलै २०१२ मध्ये लिबेर्तादोरेसच्या अंतिम फेरीत कोरिंथियन्सकडून हार झाली. त्याच रात्री त्यानं सांगितलं, मी रिकामा झालोय, आता क्लबला द्यायला काही उरलं नाही. पुढच्या वर्षी परत आला, म्हणजे थोडं उरलं होतं. बोकासाठी एकूण ३८८ सामने, ९२ गोल. २०१४ मध्ये लहानपणीचा क्लब अर्जेंटिनोस ज्युनियर्स दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. तिथं जाऊन त्यानं संघाला वर आणलं आणि जानेवारी २०१५ मध्ये बूट काढून ठेवले. निरोपाची मॅच मात्र २५ जून २०२३ ला, बोंबोनेरात, मेस्सीसह.

आता काय करतो?

बोकाचा अध्यक्ष आहे. डिसेंबर २०१९ मध्ये उपाध्यक्ष, डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष. निवडणुकीत समोरच्या पॅनेलमधून उपाध्यक्षपदाला कोण उभं होतं? मौरिसियो माक्री. चाळीस हजारांवर सभासद मतदानाला आले आणि रिकेल्मे दणदणीत जिंकला. टोपो जिजिओचा हिशोब बावीस वर्षांनी चुकता झाला.

कारभाराचं म्हणाल तर भक्तांनीही जरा गप्प बसावं असं आहे. प्रशिक्षक येतात आणि जातात. २०२३ मध्ये लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना फ्लुमिनेन्सेविरुद्ध गमावला. २०२५ मध्ये त्याच स्पर्धेत पात्रता फेरीतच अलियान्झा लिमानं बाहेर काढलं, आणि क्लब वर्ल्ड कपमध्ये ऑकलंड सिटीच्या हौशी खेळाडूंशी १-१ बरोबरी झाली. त्या स्पर्धेच्या तोंडावरच त्यानं जुन्या रुसोंना परत बोलावलं होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते आजारानं गेले. मैदानावर थांबून विचार करणं शोभायचं, खुर्चीवर तेच कधीकधी चालढकल वाटतं.

त्याच्यासारखा आता कुणी का दिसत नाही?

कारण ती जागाच उरलेली नाही. आता चेंडू गेला की अकराही जणांनी पळायचं, हा नियम झालाय. एकाला सूट द्यायची तर बाकीच्या नऊ जणांवर बोजा, आणि तेवढा भरवसा कुठला प्रशिक्षक टाकेल? व्हान गाल हरले नाहीत, त्यांचंच खरं झालं. मला ते आवडलंय असं मात्र नाही.

एकच मॅच बघायची तर कुठली?

टोकियो, २०००. पहिल्या सहा मिनिटांत दोन गोल होऊन जातात, म्हणून चहा आधीच करून घ्या. पुढची चौऱ्याऐंशी मिनिटं चेंडूवर नजर ठेवू नका. दहा नंबरवर ठेवा, चेंडू तिथं येतोच.